दोन बोटं स्वतःसाठी

आती मावशी म्हणते, बाईच्या दहा बोटांना ती जन्मायच्या आधीच कामं वाटून दिलेली असतात. एक बोट लेकरं सांभाळायचं, एक रांधायचं, एक तळायचं, एक धुण्याचं, एक इस्त्रीचं, एक दुखणाइताच्या उशाशी बसायचं. प्रेमासाठीही एक बोट आहे, पण तेही कामांच्याच रांगेत उभं. कधीकधी तिच्या मनात येतं, दोन्ही हातांना सहा-सहा बोटं असती तर दोन तरी स्वतःसाठी उरली असती.

एडविज दांतिका यांच्या ‘ब्रेथ, आइज, मेमरी’ या कादंबरीत ही जागा जेमतेम एका परिच्छेदाची आहे. पहिल्या वाचनात मी ती ओलांडून पुढे गेले होते. दुसऱ्यांदा तिथेच अडले. या घरातल्या आयांचं बोट आणखी एक काम करतं, हे वाचकाला तोवर कळून चुकलेलं असतं. आणि नेमकं तेच काम आती मावशीच्या यादीत नाही. ते तिथून का गळलं असेल? हा प्रश्न हातात धरून मी कादंबरी पुन्हा पहिल्या पानापासून वाचली.

पहिल्या पानावर एक कार्ड आहे. बारा वर्षांच्या सोफी काकोने मदर्स डेसाठी केलेलं, वर चपटं होऊन वाळत चाललेलं डॅफोडिलचं फूल लोंबतंय. कार्ड तिने आती मावशीसाठी केलंय, कारण तिला वाढवलंय मावशीने. आई, मार्तीन, न्यूयॉर्कमध्ये आहे. सोफीला ती ठाऊक आहे पलंगाशेजारच्या फोटोतून आणि टपालाने येणाऱ्या कॅसेटमधल्या आवाजातून. ‘माय मरो पण मावशी उरो’ असं आपण किती सहज म्हणून जातो. इथे माय जिवंत आहे, पैसे पाठवते, आणि तरीही मुलीच्या जगात उरली आहे ती मावशीच. ती मावशी मात्र कार्ड घेत नाही. हे तुझ्या आईचं, म्हणते. मूल सांभाळायचं आणि त्याच्यावर हक्क मात्र सांगायचा नाही, ही आतीची रीत. तिला वाचताही येत नाही, म्हणून कार्डावरच्या ओळीही ती वाचू शकत नाही. ज्या मास्तरशी तिचं लग्न व्हायचं होतं, त्याने शिकलेली बायको केली. तो आणि त्याची बायको समोरच राहतात, आणि रात्री त्यांच्या खिडकीत दिवा लागतो तेव्हा आती अंगणात बसून तिकडे बघत राहते. दांतिका यावर एकही वाक्य जास्त लिहीत नाहीत. दिवा, अंगण, बाई. पुरे.

त्या कार्डापाठोपाठ विमानाचं तिकीट येतं. आईने मुलीला बोलावून घेतलंय.

लेखिकेचं स्वतःचं आयुष्य या कथेच्या अंगावर सावलीसारखं पडलेलं आहे, पण कथा तिची नाही. दांतिका यांचा जन्म १९६९ मध्ये पोर्ट-ओ-प्रिन्सला झाला. त्या दोन वर्षांच्या असताना वडील न्यूयॉर्कला गेले, चार वर्षांच्या असताना आई. काका-काकूंनी त्यांना वाढवलं आणि १९८१ मध्ये, बाराव्या वर्षी, त्या ब्रुकलिनला आईवडिलांकडे आल्या. शाळेत असताना किशोरवयीन मुलांच्या एका वर्तमानपत्रात त्यांनी या येण्याविषयी लेख लिहिला. तो लेख संपेना. त्याचीच पुढे ब्राउन विद्यापीठातल्या शिक्षणात कादंबरी झाली, आणि १९९४ मध्ये ती छापून आली तेव्हा लेखिकेचं वय होतं २५. घरी क्रेऑल, शाळेत फ्रेंच, आणि लिहिण्याची इंग्रजी ही तिसरी भाषा. तिसऱ्या भाषेत लिहिणारं माणूस शब्द जपून वापरतं, तसं हे गद्य आहे. वाक्यं आखूड, विशेषणं मोजकी. दुःख जितकं मोठं तितकं वाक्य लहान.

न्यूयॉर्कला पोचलेल्या सोफीला भेटलेली आई फोटोतल्यासारखी नाही. दिवसा ती वृद्धाश्रमात काम करते, रात्री एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीजवळ थांबते. हात खरबरीत झालेत, चेहरा थकलेला. घरात एक भलीमोठी बाहुली आहे, नीट वेणीफणी केलेली. सोफी जवळ नव्हती तेव्हा आईला तिची सोबत होती. मुलीने इतकी वर्षं आईच्या आवाजाशी नातं ठेवलं आणि आईने मुलीच्या जागी बाहुली ठेवली. दोघींना आता एकमेकींची खरीखुरी शरीरं पेलायची आहेत. स्थलांतराबद्दल मी बरंच वाचलं आहे, पण ताटातुटीनंतरच्या भेटीतला हा अवघडलेपणा इतक्या साध्या वस्तूत क्वचित पाहिला. बाहुली बोलत नाही, मोठी होत नाही, कुणाच्या प्रेमात पडत नाही. सोफी हे तिन्ही करणार आहे.

पहिल्याच रात्री आई झोपेत किंचाळते. हे रोजचंच आहे. सोळा वर्षांची असताना उसाच्या मळ्यात एका माणसाने तिच्यावर बलात्कार केला होता. त्याचा चेहरा झाकलेला होता. तो तोंतों माकूत असावा, एवढंच ती म्हणू शकते. सोफी त्यातून जन्मली. आईने चेहरा पाहिलाच नाही, म्हणून मुलीचा चेहरा तिच्यासाठी कोडं झाला आहे. आपल्या घराण्यात कुणाशीच न जुळणारा हा चेहरा मग त्याचाच असणार! रात्री आईला हलवून जागं करायचं काम बारा वर्षांच्या मुलीकडे येतं, आणि जागी झालेल्या आईला पहिल्यांदा दिसतो तो हाच चेहरा.

‘तोंतों माकूत’ या नावापाशी जरा थांबायला हवं. फ्रान्स्वा द्युव्हालिए १९५७ मध्ये हैतीचे अध्यक्ष झाले आणि सैन्यावर विश्वास नसल्याने त्यांनी स्वतःची निमलष्करी टोळी उभी केली. लोकांनी तिला जे नाव दिलं ते लोककथेतलं: खट्याळ पोरांना गवती झोळीत घालून नेणारा काका. म्हणजे आपल्याकडचा बागुलबुवा. आजीने झोपवताना सांगितलेला बागुलबुवा डेनिमचे कपडे आणि काळा चश्मा घालून दारात उभा राहिला, तर पोरांना निजवायचं कोणत्या गोष्टीने? बापामागून मुलगा, अशी ही राजवट फेब्रुवारी १९८६ पर्यंत चालली. कादंबरीत राजकारण एवढंच येतं: विमानतळाच्या वाटेवरची दंगल, बाजारात कोळसेवाल्याला झालेली मारहाण. तो कोळसेवाला मरतो. त्याचं नाव देसालिन. १ जानेवारी १८०४ ला ज्याने हैतीचं स्वातंत्र्य जाहीर केलं त्या सेनापतीचं नाव लेखिकेने कोळशाची पाटी वाहणाऱ्या माणसाला दिलं आहे आणि पुढे एक शब्दही लिहिलेला नाही.

गोष्टीचा असा बागुलबुवा होणं, हे मला या कादंबरीचं मर्म वाटतं. इथे बायका सतत गोष्टी सांगतात. आजी सांगते, मावशी सांगते, आई सांगते. आपण अशा कादंबऱ्यांचं कौतुक करताना चटकन म्हणतो, गोष्टींनी जखमा भरून येतात. दांतिका तसं भाबडेपणाने म्हणत नाहीत, आणि म्हणून मला त्या मोठ्या वाटतात. त्यांच्याकडे गोष्ट भूल देण्याच्याही कामी येते.

सोफी अठरा वर्षांची होते. शेजारी राहायला आलेल्या जोसेफ नावाच्या संगीतकारावर तिचा जीव जडतो. एका रात्री घरी यायला उशीर होतो. आई तिला खोलीत नेते आणि बोटाने तिचं कौमार्य तपासते. तपासताना ती गोष्ट सांगत असते. मारासांची गोष्ट, एकच जीव दोन देहांत असावा तशा अभिन्न प्रेमिकांची. तू आणि मी अशा होऊ शकलो असतो, आणि तू कालपरवा भेटलेल्या माणसासाठी मला सोडून निघालीस, असा तिचा सूर. मी हे पान वाचताना दोनदा पुस्तक मिटलं. गोष्ट सुंदर आहे, त्यातला आईचा एकटेपणा खरा आहे, आणि त्याच वेळी तिचं बोट काय करतं आहे? दांतिका या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात ठेवतात. वाचक गोष्टीत रमला तर तोही सोफीसारखाच आपल्या देहातून बाहेर पडतो.

कारण सोफी या रात्रींमध्ये तेच शिकते. देह तिथे ठेवायचा आणि मनाने दुसरीकडे निघून जायचं, चांगलंचुंगलं आठवत राहायचं. याला ती दुहेरी होणं म्हणते. लग्नानंतर नवऱ्याच्या मिठीतही तिला हेच करावं लागतं. याच ओघात ती जे जोडते ते मला कादंबरीतलं सर्वांत धारदार निरीक्षण वाटतं: आपल्या देशाचे बहुतेक अध्यक्षही असेच दुहेरी असणार, नाहीतर दिवसभर माणसं मारून संध्याकाळी घरी येऊन पोरांशी खेळणं त्यांना जमलं कसं असतं? पीडित मुलगी आणि हुकूमशहा यांना एकच युक्ती अवगत असावी, हे लिहायला धाडस लागतं. आणि या दोघांच्या मधोमध आई आहे. तिची माया आणि तिचं बोट यांची एकमेकांशी ओळखच नाही. आती मावशीच्या यादीतून ते काम का गळलं, याचं उत्तर मला इथे मिळालं असं वाटतं. ज्या हाताने पोर न्हाऊमाखू घातली त्याच हाताचं ते काम आहे हे कबूल केलं, तर उरलेल्या दहा कामांचंही काही खरं राहणार नाही.

मार्तीनला विचारलं तर ती कारण सांगते, आणि कारण असं काही नसतंच: माझ्या आईने केलं म्हणून मी केलं. तिची तपासणी थांबली ती बलात्कारानंतर. त्या माणसाने तिला उद्ध्वस्त केलं आणि त्याच घटनेने आईच्या बोटातून सोडवलं. दोन्ही दुःखं तिच्या आठवणीत शेजारी शेजारी आहेत. आजी इफेचं म्हणणं वेगळं: मुलगी शुद्ध राखणं आईच्या माथी असतं, ती नासली तर सासरचे तिला परत धाडतात आणि नाक आईचं कापलं जातं. या घरात एकही पुरुष नाही. आजी, दोन मुली, नात, पणती. आणि तरी दूरच्या, अजून न आलेल्या, कदाचित कधीच न येणाऱ्या जावयाच्या वतीने या बायका एकमेकींच्या अंगावर पहारा देतात.

कादंबरीत एका श्रीमंत माणसाचीही कहाणी येते. त्याने शुभ्र चादरी विकत आणल्या, पहिल्या रात्री वधूला रक्त आलं नाही, आणि चादरीवर डाग दिसावा म्हणून त्याने जे केलं त्यात ती रक्त जाऊन मेली. पांढऱ्या चादरीच्या या गोष्टीपाशी मराठी वाचकाला दूर कुठे जावं लागत नाही. कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री अशीच चादर अंथरून जातपंचायतीपुढे निर्वाळा देण्याची प्रथा होती, आणि २०१८ च्या आसपास त्याच समाजातली तरुण मुलंमुली तिच्याविरुद्ध उघडपणे उभी राहिली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत कौमार्य चाचणी हा लैंगिक अत्याचार मानून शिक्षा करण्याची घोषणा महाराष्ट्र सरकारने केली. या तपासणीला वैद्यकशास्त्रात काडीचाही आधार नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं होतं. बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीवर आपल्या रुग्णालयांत जी ‘दोन बोटांची चाचणी’ होत असे, ती करणाऱ्याला दोषी धरलं जाईल असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं. दोन बोटं! आती मावशीने स्वतःसाठी मागितलेली तेवढीच होती.

पंचायतीशी भांडता येतं, न्यायालयात जाता येतं. सोफीला कुणाशी भांडायचं? ती स्वयंपाकघरातला बत्ता घेते आणि स्वतःलाच जखमी करते, म्हणजे तपासायला काही उरणारच नाही. आई तिला घराबाहेर काढते. ती जोसेफशी लग्न करून ऱ्होड आयलंडला जाते.

रक्त या कादंबरीत सगळीकडे आहे, आणि अमेरिकेतही ते पाठ सोडत नाही. शाळेतली मुलं हैतीच्या मुलांना एड्सवाले म्हणून चिडवतात. ही लेखिकेची कल्पना नव्हे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी आरोग्य यंत्रणेने हैतीच्या लोकांना सरसकट एड्सचा धोका असलेल्या गटांत घातलं होतं, आणि त्यांच्या रक्तदानावर आलेल्या बंदीविरुद्ध २० एप्रिल १९९० रोजी हजारो हैतीयन ब्रुकलिनच्या पुलावरून मोर्चाने गेले. नवा देश म्हणतो तुमचं रक्त घाणेरडं, जुनं घर म्हणतं रक्त दाखवून शुद्धता सिद्ध कर. दोन्हींच्या कचाट्यात सोफी आहे.

ती आपल्या तान्ह्या मुलीला, ब्रिजितला, घेऊन हैतीत आजीकडे, दाम मारीला जाते. कादंबरीचा हा तिसरा भाग मला सगळ्यांत श्रीमंत वाटतो. आती आता लुईझ नावाच्या मैत्रिणीकडून लिहायला शिकली आहे, वहीत उतरवते आहे. लुईझ बाजारात माल विकून होडीने मायामीला जायचे पैसे साठवते; तिच्या जाण्याने आतीचं जे होणार आहे ते कुणी बोलून दाखवत नाही. आणि आजी रात्री अंधारात बसून ऐकते. दूर झुडपांत पावलं वाजतात आणि ती सांगू लागते: ही अमक्याची पोर, मुलाला भेटून घरी निघाली, आता पळतेय, आता दारात पोचली, आई तिला तपासायला थांबलीय. फक्त कानांनी एवढी गोष्ट रचणारी ही म्हातारी थोर कथाकार आहे. तीच पहारेकरीही आहे. गावच्या प्रत्येक पोरीच्या पावलावर अंधारात असा एक कान आहे.

दुसऱ्या एका रात्री डोंगरावर कंदील हलताना दिसतो. सुईण बाळंतपणाला आली आहे. आजी समजावते, मुलगा झाला तर कंदील दाराबाहेर तेवत ठेवतील, बाप रात्रभर जागेल. मुलगी झाली तर सुईण नाळ कापून आपल्या घरी जाईल, आणि आई एकटी अंधारात पोर छातीशी धरून बसेल. दोघी बघत राहतात. दिवा विझतो. सोफीच्या मांडीवर तिची स्वतःची मुलगी आहे. दांतिका तिथेच प्रकरण सोडून देतात. एवढ्या मोठ्या अन्यायाचं चित्र इतक्या शांतपणे, जवळजवळ सौंदर्याने काढलेलं मी दुसरं वाचलेलं नाही.

आजीला सोफी विचारते, ही तपासणी तुम्ही का करता? आजी उत्तर देते, आणि नंतर तिला एर्झुलीची मूर्ती आणून देते. एर्झुली ही हैतीच्या व्हूडू परंपरेतली देवी, प्रेमाची आणि मातृत्वाचीही. आम्ही तुला दिलेल्या दुःखाने माझं मन नदीसारखं रडतं, एवढंच ती म्हणते. आयुष्यभर गोष्टी सांगणाऱ्या बाईला या एका जागी गोष्ट सुचत नाही, म्हणून तिच्या हातात मूर्ती आहे.

ऱ्होड आयलंडमधले पुढचे भाग मला तितके भावत नाहीत. जोसेफ फार समंजस आहे, इतका की तो माणूस कमी आणि दिलासा जास्त वाटतो. मानसोपचाराच्या बैठकांतले संवाद कधीकधी आधीच कळलेलं पुन्हा सांगतात. पण तिथेही एक फुगा आहे. सोफी आणि तिच्यासारख्याच बायका गटात बसून अत्याचार करणाऱ्याचं नाव लिहून जाळतात, एक हिरवा फुगा आकाशात सोडतात. सोफीला वाटतं तो पार ढगांपलीकडे गेला. पुढे तो तिला जवळच्याच झाडात अडकून हवा सुटत चाललेला दिसतो. स्वतःच्याच उपचारांवर लेखिकेने ठेवलेली ही शंका मला प्रामाणिक वाटते.

१९९८ मध्ये ऑप्रा विन्फ्री यांनी आपल्या वाचनमंडळासाठी ही कादंबरी निवडली आणि ती लाखो घरांत गेली. तेव्हा अमेरिकेतल्या अनेक हैतीयन कुटुंबांना राग आला: आमच्या घरी असं होत नाही, हिने आमची बदनामी केली. आधीच बदनाम झालेल्या समाजाचा हा राग मला समजतो. दांतिका यांनी नंतरच्या आवृत्तीत सोफीलाच पत्र लिहिलं आणि त्यात म्हटलं की तुझ्या देहावर आता एका साऱ्या देशाचं ओझं लादलं गेलं आहे, तुझी गोष्ट तुझीच आहे. पात्राच्या देहाची जणू पुन्हा तपासणी सुरू झाली होती, या वेळी वाचकांकडून. लेखिका आपल्या मुलीच्या आणि त्या तपासणीच्या मधे उभी राहिली. कादंबरीतल्या कुठल्याच आईला जे जमलं नव्हतं, ते या पत्रात घडलेलं आहे.

मार्तीन पुन्हा गरोदर राहते, या वेळी तिच्यावर प्रेम करणाऱ्या मार्ककडून. पण पोटातल्या जिवाबरोबर मळ्यातला तो माणूसही परत येतो. रात्रीची दुःस्वप्नं वाढतात, आवाज ऐकू येऊ लागतात. ती स्वतःला संपवते. सोफी आईला शेवटचे कपडे म्हणून भडक लाल रंगाचा सूट निवडते. मार्क संकोचतो, प्रेतयात्रेला हा रंग शोभत नाही. पण काको हे घराण्याचं नावच लाल पक्ष्याचं आहे, आणि आयुष्यभर भीतीत जगलेल्या बाईला मुलगी तो रंग तिच्या अंगावर, तिचा म्हणून, परत देते. लाल रंगाचा हा प्रवास लेखिकेने इतक्या सावकाश बांधत आणला आहे की इथे पोचल्यावर मला मार्कइतकंच दचकायला झालं आणि लगेच वाटलं, दुसरा कुठला रंग चाललाच नसता.

दफन गावी होतं. माती पडायला लागते आणि सोफी उतारावरून पळत सुटते, थेट उसात. त्याच मळ्यात. ती ऊस उपटते, मारते, बडवते. हातांतून रक्त येतं. पाद्री तिला आवरायला पुढे होतात तर आजी त्यांना अडवते.

गावच्या बाजारात बायका डोक्यावर जड पाट्या घेऊन येतात. एकीने पाटी उतरवली की दुसरी हाक मारून विचारते, मोकळी झालीस का. कुठे लागलं-खुपलं नसेल तर ती हो म्हणते. आता आजी तोच प्रश्न ओरडून सोफीला विचारते, आणि आती मावशी रडत तीच हाक पुन्हा देते. मग आजी सोफीजवळ येते, खांद्यावर हात ठेवते, आया गेल्यानंतर लेकींना हाच प्रश्न विचारला जातो अशी एक शेवटची गोष्ट सांगते. सोफी उत्तर द्यायला तोंड उघडणार, एवढ्यात म्हातारी घाईने आपली बोटं तिच्या ओठांवर ठेवते. त्या बोटांना तिथे काही शोधायचं नाही, काही तपासायचं नाही. आता तुला उत्तर देता येईल, एवढंच ती म्हणते, आणि बोटं तशीच असताना कादंबरी संपते.